छत बांधल्यापासून फायबरची होडी शांत डुलते, तरी काका उभे राहिले की कलते. तळात वाळूच्या पिशव्या टाकू का?

खाडीकाठ (तालुका मालवण)

नमस्कार मंडळी. आमची होडी कालावल खाडीत असते. आजोबांच्या वेळची लाकडी होती, जेमतेम अडीच फूट रुंद, एका अंगाला उलांडी, म्हणजे दांड्यांनी बाजूला बांधलेलं तरंगतं लाकूड. ती कुजली. गेल्या दिवाळीत जुनी फायबरची घेतली. सोळा फूट लांब, मधोमध पाच फूट रुंद, विकणाऱ्याने वजन ३०० किलो सांगितलं. मागे ९.९ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड. उलांडी नाही. सकाळी मासे आणि सुट्टीच्या दिवसांत पाहुण्यांना खाडीत फिरवून आणायचं, असा विचार आहे. म्हणून लोखंडी पाइपांचं छत केलं, वर ताडपत्री. पाइप, ताडपत्री सगळं मिळून ४५ किलो भरलं.

होडी आणली तेव्हा फार हिसके द्यायची. काठावरून पाय टाकला की झटकन कलायची, झटकन सरळ व्हायची. छत बसल्यापासून झोपाळ्यासारखी सावकाश डुलते. घरच्यांना ते बरं वाटलं, आई आधी बसायला घाबरायची ती आता बसते.

मागच्या आठवड्यात काका पाग (फेकायचं जाळं) टाकायला पुढे उभे राहिले. त्याच वेळी मी त्यांच्याच बाजूला पेट्रोलचा कॅन सरकवत होतो. होडी कलली ती कललेलीच राहिली. कड पाण्याखाली गेली आणि घोटाभर पाणी आत आलं. काका मटकन खाली बसले तेव्हा कुठे वर आली, तीही हळूहळू. आत आम्ही तिघेच होतो, वारा नव्हता.

आजोबांच्या होडीच्या दुप्पट रुंद असून ही अशी का करते? तळात शंभर किलो वाळू पिशव्यांत भरून टाकली तर चालेल का? पाहुण्यांना कठड्यावरून नीट दिसावं म्हणून बाक फूटभर उंच करायचे आहेत, त्याने काही बिघडेल का?


पागवाला (देवगड)

बाबू, उलांडी ती उलांडी. फायबराक पन बांधतत, आमच्याकडे दोघांनी बांधलेली आसा. पांगाऱ्याचा लाकूड घे, हलक्या रवता. आमी जाळा दुसऱ्या बाजून ओढतो आनि एक जण उलांडीच्या दांड्यार बसता. पाग मारताना बाकीच्यांनी खाली बसान रवाचा, त्याच बाजूक तर जावचाच नाय. वाळू टाकू नको. पानी आत इला तर वाळू घेवन होडी तळाक जाताली.


निवृत्त कप्तान (रेवदंडा)

तुझं एक वाक्य मी तीनदा वाचलं: ‘झोपाळ्यासारखी सावकाश डुलते’. सगळ्यांना बरं वाटलं ते हेच, आणि मला भीती वाटली ती याचीच. बाकी सगळं नंतर वाच, आधी ते छत उतरव.

मी ३४ वर्षं बोटीवर होतो, त्यातली बरीच चीफ ऑफिसर म्हणून. माल कुठे, किती उंचीवर ठेवायचा आणि टाक्यांत पाणी किती ठेवायचं हा हिशेब त्याच्याकडे असतो. तुझी होडी आणि २० हजार टनांचं जहाज, दोघांना पाणी एकाच नियमाने तोलतं, म्हणून सविस्तर लिहितो.

होडीवर दोनच जोर आहेत. तिचं आणि तिच्यातल्या सगळ्यांचं वजन एका बिंदूतून सरळ खाली ओढतं, तो गुरुत्वमध्य. पाणी तिला वर ढकलतं, ते पाण्याखाली बुडालेल्या भागाच्या मधोमधून. होडी सरळ असताना दोन्ही एका रेषेत असतात. कलली की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो, कललेल्या बाजूला जास्त पाणी दाबलं जातं आणि पाण्याचा रेटा त्या बाजूला सरकतो. वजनाच्या रेषेपेक्षा रेटा बाहेर सरकला तर तो होडीला उचलून सरळ करतो. गुरुत्वमध्य इतका उंच असेल की कलताना वजनच रेट्याच्या पलीकडे गेलं, तर तोच रेटा तिला आणखी पाडतो. म्हणजे होडी जड आहे की हलकी, यावर हे ठरत नाही.

फ्रेंच गणितज्ञ पियेर बुगेर याने १७४६ मध्ये याला मोजमाप दिलं. थोड्या कलात पाण्याच्या रेट्याची रेषा होडीच्या मधल्या रेषेला जिथे छेदते त्या बिंदूला त्याने मेटासेंटर म्हटलं. आपल्या घरातला पाळणा आठव. आढ्याची कडी म्हणजे मेटासेंटर, बाळासकट पाळण्याचं वजन म्हणजे गुरुत्वमध्य. वजन कडीच्या खाली जितकं लांब, तितका पाळणा जोराने मध्यावर येतो. वजन वर चढवत कडीच्या जवळ नेलंस तर तो आळसावतो. कडीच्या वर नेलंस तर उलटेल. कडी आणि वजन यांतलं अंतर म्हणजेच होडीचा जीव. आम्ही त्याला जीएम म्हणतो.

हे अंतर मोठं असलं की होडी हिसके देते. माणसाला ते आवडत नाही, पोटात ढवळतं. पण तो हिसका म्हणजे होडी तुला सांगत असते की मी परत येतेय. अंतर घटलं की डुलणं मऊ होतं, लांब होतं. तुझ्या छताने तेच केलं.

१९८९ साली मी थर्ड ऑफिसर होतो. सारवाकहून कांडल्याला लाकडाचे ओंडके आणत होतो, खणात भरून उरलेले डेकवर बांधलेले. रोज तळच्या टाक्यांतलं इंधन आणि गोडं पाणी वापरलं जात होतं आणि वरचे ओंडके पावसाने भिजून जड होत होते. जहाज रोज अधिक शांत होत गेलं. मेसमध्ये ताटं सरकेनाशी झाली, आम्ही पोरं खूश होतो. चीफ ऑफिसरांचा चेहरा मात्र रोज उतरत होता. नवव्या दिवशी पहाटे जहाज उजवीकडे सहा अंश कललेलं, वारा काही नाही. दुपारी सुकाणू जरा वळवलं तर ते उठलं आणि डावीकडे सहा अंश जाऊन पडलं. सरळ उभं राहायला जागाच उरली नव्हती. मी म्हटलं, वर गेलेल्या बाजूची टाकी भरू या, तोल येईल. चीफ ओरडले. त्यांनी तळातली, कललेल्या बाजूचीच टाकी आधी भरायला लावली. जहाज आणखी कललं आणि तासभर कुणी बोललं नाही. मग दुसरी बाजू भरली आणि ते हळूहळू उठून उभं राहिलं. वरच्या बाजूची आधी भरली असती तर ते झपाट्याने दुसऱ्या अंगावर कोसळलं असतं आणि ओंडक्यांच्या साखळ्या तुटल्या असत्या. औषध तोल साधण्यात नव्हतं, वजन खाली नेण्यात होतं. ते मी त्या दिवशी शिकलो.

आता तुझ्या होडीतलं पाणी. घोटाभर पाणी आत आल्यावर ती ‘हळूहळू’ वर आली म्हणतोस. परातीत पाणी घेऊन स्वयंपाकघरातून चालून बघ. तेवढंच पाणी तांब्यात घेऊन चाल. परात हातात राहत नाही, कारण पाणी कललेल्या कडेला धावतं. इथे पाणी किती यापेक्षा ते किती रुंद पसरलंय हे महत्त्वाचं, आणि रुंदीचा घन मोजावा लागतो. तीन मीटर लांब आणि ८० सेंटिमीटर रुंद पसरलेलं पाणी तुझ्याएवढ्या, भरल्यावर ७०० किलोच्या होडीचं जीएम सुमारे १८ सेंटिमीटरने खातं. मधोमध उभी फळी घालून त्याचे दोन भाग केलेस तर नुकसान चौथ्या हिश्शावर येतं. तरी पहिलं काम उपसण्याचं. होडीत कायम दोन डबे बांधून ठेव, एक पुढे, एक मागे.

देवगडच्या भाऊंनी उलांडीचं सांगितलं ते शंभर टक्के खरं. कारणही तेच, रुंदी. अडीच फूट रुंद होडीला स्वतःचा आधार थोडाच असतो. पण अंगापासून दीड-दोन मीटरवर हातभर नव्हे, वीतभर रुंदीचं लाकूड पाण्यावर टेकलेलं असलं तर अंतराचा वर्ग होतो आणि आधार सात-आठ पट वाढतो. उलांडीकडे कललास तर ती दबून वर ढकलते, उलट बाजूला कललास तर ती उचलली जाऊन वजनाने खाली खेचते. आजोबांची होडी निम्मीच रुंद वाटायची, पण पाण्याच्या दृष्टीने ती तुझ्या होडीपेक्षा रुंद होती.

वाळूबद्दल आणि बाकांबद्दल अंदाजाने सांगणार नाही. मोजून सांगतो. त्यासाठी गवंड्याचा ओळंबा आण. शांत पाण्यात, भरतीच्या टोकाला पाणी थबकतं तेव्हा, होडी सैल दोरीने बांध. वीस लिटरचा पाण्याने गच्च भरलेला कॅन घे, अर्धा नको, आत पाणी हिंदकळलं तर माप चुकेल. छताच्या पाइपाला एक मीटर दोरीचा ओळंबा लाव. तू आणि भाऊ मधोमध बसा, हलू नका. कॅन एका बाजूला मधल्या रेषेपासून अर्धा मीटर ठेव, ओळंब्याची खूण कर. मग तोच दुसऱ्या बाजूला अर्ध्या मीटरवर ठेव, पुन्हा खूण. दोन खुणांतलं अंतर मला कळव. छत काढून, उभ्या बांबूला ओळंबा बांधून परत कर. शिवाय होडीला हलकेच डोलवून पाच पूर्ण हेलकाव्यांना किती सेकंद लागतात तेही दोन्ही वेळा मोज. अंगावर लाइफ जॅकेट घाल.


स्टॉकहोमकर

कप्तान काकांनी डोलवून बघायचं लिहिलं म्हणून राहवलं नाही. इथे वासा जहाजाचं संग्रहालय आहे, घरी पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतोच. राजाचं नवं कोरं युद्धनौका जहाज, दोन मजले तोफांचे, ६४ तोफा. निघण्याआधी धक्क्याला बांधलेलं असताना ३० खलाशांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवलं. तीन फेऱ्यांतच जहाज इतकं डोलायला लागलं की चाचणी थांबवावी लागली. तरी १० ऑगस्ट १६२८ ला ते निघालं. साधारण १३०० मीटर गेलं, वाऱ्याची झुळूक आली, कललं, खालच्या तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरलं आणि बंदरातच बुडालं. १९६१ मध्ये वर काढलं. त्या खिडक्या पाण्याच्या किती जवळ होत्या हे जवळ उभं राहून बघितलं की पोटात गोळा येतो. तुमच्या होडीच्या कडेवरून पाणी आलं ते वाचून तेच आठवलं.


खाडीकाठ

कप्तान काका, रविवारी सकाळी केलं. सगळं दोनदा केलं, कारण पहिल्या वेळी भाऊ हलला. छतासकट ओळंबा १२ सेंटिमीटर सरकला. छत काढून ९ सेंटिमीटर. पाच हेलकावे: छत नसताना ९ सेकंद, छतासकट १३ सेकंद. भावाचं आणि माझं वजन मिळून १३० किलो. इंजिन ४० किलो.


निवृत्त कप्तान (रेवदंडा)

शाब्बास. दोनदा केलंस ते उत्तम.

छतासकट एकूण वजन: होडी ३००, इंजिन ४०, छत ४५, तुम्ही १३०, कॅन २०, म्हणजे ५३५ किलो. वीस किलो एक मीटर हलवले. वीसला ५३५ ने आणि मग ०.१२ ने भागायचं. उत्तर ०.३१ मीटर. छताविना ४९० किलो आणि ०.०९, उत्तर ०.४५. म्हणजे ४५ किलोच्या छताने १४ सेंटिमीटर खाल्ले. कागदावरचं ताडून बघू: छत गुरुत्वमध्यापासून साधारण १.६ मीटर उंच, ४५ गुणिले १.६, भागिले ५३५, साडेतेरा सेंटिमीटर. ओळंबा खरं बोलतोय.

हेलकाव्यांचा वेळ इतका वाढला त्यातला काही भाग छत लांब उंचावर असल्यामुळे आहे, सगळाच जीएम घटल्याने नाही. म्हणून आकडा ओळंब्याचा धर. हेलकावे मात्र रोज मोजत जा. त्याच होडीचा वेळ कालच्यापेक्षा वाढला तर आज काहीतरी वर चढलंय किंवा आत पाणी आहे.

३१ सेंटिमीटर म्हणजे किती? २४ मीटरपेक्षा लांब, एका डेकच्या मच्छीमार जहाजांना आंतरराष्ट्रीय संहितेत किमान ३५ सांगितलेत. तुझी होडी त्यांच्याहून कितीतरी हलकी, तिच्यात एक माणूस हलला तरी तो एकूण वजनाचा मोठा हिस्सा असतो.

काका उभे राहिले तेव्हा बसलेल्या माणसाचा मध्य साधारण ४५ सेंटिमीटर वर गेला. ७० किलो गुणिले ०.४५, भागिले तिघांसकट ६०० किलो, म्हणजे पाच सेंटिमीटर. ते मधल्या रेषेपासून बाजूला, तू त्याच बाजूला, कॅन तिथेच. तिन्ही मिळून अर्ध्या मीटरवर १६० किलो. एवढ्याने ती २५ अंशांच्या पुढे गेली असणार आणि त्याआधीच कड बुडते. कड पाण्याखाली गेल्यावर वरचे कुठलेच आकडे लागू राहत नाहीत.

बाक उंच करायचा विचार सोडून दे. सहा पाहुणे, ३९० किलो, फूटभर वर. एकूण ९०० किलोत १३ सेंटिमीटर गेले. सहा जण आत्ताच्या बाकावर बसले तरी ते गुरुत्वमध्याच्या वरच असतात, म्हणजे त्याआधीही काही गेलेलं असतं. उरतं काय? आणि डॉल्फिन दिसला की सहाही जण एकाच बाजूला उठतात. हे पुस्तकी नाही. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला येणारी रामदास बोट काशाच्या खडकाजवळ कलून बुडाली, ६०० हून अधिक माणसं गेली. माझ्या आजीच्या माहेरच्या गल्लीतले दोघे त्यात होते. ती आम्हाला होडीत बसवताना प्रत्येक वेळी एकच सांगायची, ‘काही झालं तरी बूड उचलायचं नाही.’

वाळू. शंभर किलो अगदी तळाला बांधून टाकलेस तर गुरुत्वमध्य सुमारे सहा सेंटिमीटर खाली येईल, कड मात्र सव्वादोन सेंटिमीटरने पाण्याजवळ जाईल. छत उतरवलंस तर १४ सेंटिमीटर फुकट मिळतात आणि होडी ४५ किलोने हलकी होते. सैल पिशवी तर कलत्या बाजूला घसरते, तिचा कल आणखी वाढवते. देवगडच्या भाऊंचा मुद्दा सगळ्यात मोठा: फायबर स्वतः तरंगत नाही. वाळूऐवजी बाकांखाली दोन्ही अंगांना फोमचे ठोकळे भरून वरून फायबर लावून घे. पाणी भरलं तरी होडी वर राहील आणि माणसांना धरायला काहीतरी असेल.

सावली हवी तर चार बांबूच्या काठ्या आणि पातळ कापड, बसलेल्या माणसाच्या डोक्याला लागणार नाही इतकंच उंच, वारा सुटला की एका हाताने काढता येईल असं. वाऱ्यात ताडपत्रीचं छत म्हणजे आडवं शीड, हे वेगळंच. पेट्रोलचा कॅन मधल्या रेषेवर, तळाला, पट्ट्याने बांधलेला.

पाहुणे बसवण्याआधी मेरीटाईम बोर्डाचं सर्वेक्षण आणि परवाना घे. सर्वेक्षकाला हे आकडे दाखव.


पागवाला (देवगड)

कप्तानांनी माज्या आज्याचा म्हननाच आकड्यात सांगितल्यान. बाबू, उलांडीसाठी पांगारो व्हयो तर माज्या परड्यात एक आसा, येवन घेवन जा.


खाडीकाठ

छत काल उतरवलं. आई म्हणाली होडी परत हिसके द्यायला लागली. तिला ओळंब्याचे दोन्ही आकडे दाखवले आणि पाळण्याचं सांगितलं, मग बसली. दादा, पांगाऱ्यासाठी येत्या शनिवारी येतो. कप्तान काका, एक राहिलं: उलांडी कुठल्या अंगाला बांधू? इंजिनचा हँडल मी उजव्या हाताने धरतो आणि आमचे काका पाग डावीकडून टाकतात.


निवृत्त कप्तान (रेवदंडा)

पाग टाकतात त्याच्या उलट्या अंगाला, म्हणजे उजवीकडे. तिचे दांडे इंजिनच्या बऱ्याच पुढे घे, हँडल फिरवताना हाताला लागता कामा नयेत. काका वाकले की उलांडी उचलली जाईल, म्हणून ती फार हलकीही नको. बांधून झाली की तोच कॅन आणि तोच ओळंबा घेऊन पुन्हा मोज, दोन्ही बाजूंना वेगवेगळं. आकडे इथेच टाक, मी बघतो.